लुबा लाकूडकाम आणि त्याचे विधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुबा लोक नेमके कुठले?

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागातले, जुन्या कटांगा प्रांतातले. लुआलाबा नदीचे वरचे खोरे आणि उपेम्बाचा तळ्यांनी भरलेला सखल प्रदेश ही त्यांच्या राज्याची मूळ भूमी. भाषा किलुबा. पश्चिमेला कासाई भागात राहणारे लुबा चिलुबा बोलतात. त्यांचे लाकूडकामही वेगळे आहे, पण इंटरनेटवर दोघांची सरमिसळ सतत होते. या पानावर फक्त कटांगाच्या लुबांची परंपरा आहे. हेम्बा, सोंग्ये, ताब्वा हे त्यांचे शेजारी. दाढीवाला, दोन्ही हात पोटावर ठेवून उभा असलेला पूर्वज-पुरुष दिसला, तर तो बहुधा हेम्बांचा असतो.

परंपरा किती जुनी आहे?

लाकूड तिथल्या हवेत टिकत नाही. वाळवी, ओल आणि आग यांतून वाचलेल्या बहुतेक मूर्ती एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. लोखंडाचा पुरावा मात्र बराच मागे जातो. किसाले तळ्याकाठी सांगा नावाच्या ठिकाणी १९५७ आणि १९५८ मध्ये झाक नेनकँ आणि झाँ हिएर्नो यांनी उत्खनन केले, पुढे १९७०च्या दशकात पिएर द मारे यांनी याच खोऱ्यात काम वाढवले. थडग्यांमध्ये खिळे ठोकलेल्या दांड्याच्या कुऱ्हाडी आणि मृताच्या डोक्याशी ठेवलेली ऐरण सापडली. कुऱ्हाड आणि ऐरण ही पुढे लुबा राजपदाचीच चिन्हे झाली. म्हणजे राजचिन्हांची ही भाषा राज्य स्थापन होण्याच्या कित्येक शतके आधीची आहे. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरून आलेल्या कवड्याही त्या खोऱ्यातल्या थडग्यांत मिळाल्या आहेत.

कोणकोणत्या वस्तू कोरतात?

राजा आणि सरदारांसाठी स्त्रीमूर्तीने तोललेली बैठक, काठी (किबांगो), धनुष्याची घोडी (धनुष्य टेकवायचा टेकू), मानाची कुऱ्हाड आणि भाला. राज्याची स्मृती जपणाऱ्या म्बुद्ये या मंडळासाठी लुकासा ही मण्यांची फळी. कौल लावणाऱ्यांसाठी वाडगा धरलेली स्त्री (म्बोको) आणि हातात मावणारे काशेकेशेके. घरगुती वापरात डोक्याखालची लाकडी उशी, चिलीम, पेला, उखळ.

ढोबळ मापे सांगायची तर लुकासा २० ते २५ सेंटिमीटर, उशी १२ ते १८, बैठक ४० ते ६०, आणि काठी माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंत कितीही. काशेकेशेके सर्वांत लहान, १० ते १५ सेंटिमीटर.

राज्य पुरुषांचे, मग जवळपास प्रत्येक वस्तूवर स्त्री का?

लुबांच्या मते राजाचा आत्मा पेलण्याइतके बळ फक्त स्त्रीच्या देहात असते. हे नुसते रूपक नव्हते, त्यावर व्यवस्था उभी होती. राजा वारला की त्याचा आत्मा एका स्त्रीत उतरे. तिला म्वादी म्हणत. ती दिवंगत राजाच्या वाड्यात राही, त्याची पदवी आणि परिवार तिच्याकडे जाई आणि ती जागा त्या राजाचे कायमचे आत्मस्थान, म्हणजे कितेंता, होई. पुढच्या राजाला नवी राजधानी वसवावी लागे. प्रत्येक राजाची अशी एक जागा मागे राहत गेली आणि या जागांची माळ म्हणजेच राज्याचा नकाशा.

बऱ्याच मूर्तींमध्ये स्त्रीने दोन्ही हात स्वतःच्या स्तनांवर ठेवलेले असतात. हे मातृत्वाचे चित्र समजले जाते, ते अर्धवट आहे. राजपदाची गुपिते स्त्रियांच्या उरात सांभाळलेली असतात, असा त्या मुद्रेचा अर्थ लुबा लावतात.

पोटावरचे उंचवटेही सजावटीसाठी काढलेले नाहीत. लुबा स्त्रिया कातडीवर चिरा देऊन जे वण उठवत (न्तापो), तेच नक्षीत येतात. वण बोटांनी वाचता येतात, मूर्तीवरचेही तसेच. केसांची रचना, तेलाने चमकणारी त्वचा आणि वण, या सगळ्याने स्त्री 'पूर्ण' होते, आणि पूर्ण देहातच आत्मा राहायला येतो. म्हणून कारागीर चेहऱ्याच्या नाकाडोळ्यांपेक्षा केस आणि वण यांवर जास्त मेहनत घेतो.

बैठक राजाची असूनही राजा तिच्यावर का बसत नसे?

बसत असे, पण अगदी क्वचित. राज्यारोहणाच्या वेळी राजा किंवा सरदार तिच्यावर बसून शपथ घेई. त्यानंतर ती पांढऱ्या कापडात गुंडाळून राजाच्या गावाऐवजी दुसऱ्याच गावी, नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवली जाई. चोरी किंवा विटाळ होऊ नये हे एक कारण. दुसरे असे, की ती मुळात राजाच्या आत्म्याची जागा, माणसाच्या बुडाची नव्हे. संग्रहालयात प्रकाशझोताखाली उघडी मांडलेली बैठक ही तिच्या मालकांच्या दृष्टीने सर्वांत अनैसर्गिक अवस्थेत असते.

लाकूड कोणते वापरतात?

कटांगा मिओम्बो प्रकारच्या कोरड्या पानझडी रानांचा प्रदेश आहे. तिथे मिळणाऱ्या घट्ट, बारीक पोताच्या लाकडांत बैठका, काठ्या आणि मूर्ती कोरतात. मुखवट्यांना हलके लाकूड लागते, कारण ते डोक्यावर चढवून नाचायचे असते. याच रानांत प्टेरोकार्पस अँगोलेन्सिस वाढतो. आपल्याकडच्या बिबळ्याचा हा सख्खा नातलग. साल कापली की बिबळ्यासारखाच रक्तासारखा लाल चीक येतो. या कुळातल्या झाडांच्या गाभ्याची लाल पूड तेलात कालवून अंगाला आणि मूर्तींना लावण्याची रीत मध्य आफ्रिकेत दूरवर पसरलेली आहे.

लुबा कामात जोडकाम नाही. बैठकीची चकती, स्त्री आणि खालची बूड हे सगळे एकाच ओंडक्यातून निघते. सांधा, गोंद, खुंटी यांना जागाच नसते. त्यामुळे कारागिराची निम्मी अक्कल ओंडका निवडण्यात जाते.

कोरण्याची पद्धत कशी असते?

लाकूड ओले असतानाच काम सुरू होते. वाळलेल्या घट्ट लाकडावर वाकस (आडव्या पात्याचे सुतारी हत्यार) उसळतो आणि ढलपी हवी तिथे सुटत नाही, ओल्यावर धार सहज बसते. मुख्य हत्यार वाकस हेच. करवत आणि पटाशीने करायची बरीचशी कामेही वाकसच करतो.

पहिल्या टप्प्यात मोठ्या वाकसाने ओंडक्याचे आडवे भाग पाडतात. बैठक असेल तर वर चकती, खाली बूड आणि मधे मूर्तीचा भाग. मूर्तीच्या भागात डोके, धड आणि पाय यांच्या सीमा खाचांनी ठरवतात. डोके एकूण उंचीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढे असते, कारण तिथेच आत्म्याचे आणि शहाणपणाचे ठाणे. खऱ्या माणसाच्या प्रमाणात डोके कोरायला गेलात तर मूर्ती लगेच परकी दिसते.

दुसऱ्या टप्प्यात लहान वाकसाने ठोकळ्यांची वळणे काढतात. गोल कपाळ, पापण्या अर्ध्या मिटलेले डोळे, लांबट धड. हात आणि धड यांच्यामधले लाकूड इथेच काढायचे असते आणि इथेच सर्वाधिक नुकसान होते. एका बाजूने आरपार जायचा मोह झाला की दुसऱ्या बाजूची ढलपी सुटून हातच फुटतो. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे खोदत मधे भेटायचे.

तिसऱ्या टप्प्यात सुरी. चेहरा, बोटे, केसांच्या वेण्या आणि सर्वांत शेवटी वण. वण उठावात हवे असतील तर पोटावर आधीच दोन-तीन मिलिमीटर जादा लाकूड ठेवावे लागते. हे विसरले, की वण उठण्याऐवजी कोरून काढावे लागतात आणि हाताला ते खोलगट लागतात.

मग घासणे. आफ्रिकेच्या या पट्ट्यात खरखरीत पानांनी लाकूड घासतात. फायकस एक्झास्पेराटा हे त्यासाठी ओळखले जाणारे झाड आफ्रिकेपासून दक्षिण भारतापर्यंत आढळते. आपल्या खरवतीची पाने हाताला लागली असतील त्यांना हा पोत सांगायला नको. शेवटी पामतेल, आणि पुढे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तेच. जुन्या मूर्तींची काळी-तांबूस झळाळी ही तेल, धूर, लाल पूड आणि हातांचा घाम यांचा एकत्र परिणाम असतो.

लुबा वस्तूंना तडे जातात ते ठरावीक जागीच का?

लाकूड वाळताना सालीच्या वर्तुळाच्या दिशेने जितके आकसते त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडे आकसते. ओंडका अखंड असेल आणि मधला कणा (झाडाचा अगदी मधला मऊ भाग) आत राहिला असेल, तर हा फरक कुठेतरी फुटूनच निघतो. उभ्या मूर्तीत तडा कण्याच्या रेषेत पडतो, बहुतेक वेळा पाठीवर किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला.

बैठकीत आणखी एक अडचण आहे. ओंडका उभा असल्याने वरची चकती म्हणजे झाडाचा आडवा काप. आडव्या कापाची पातळ चकती काठापासून मध्याकडे फाटतेच. जुन्या बैठकांच्या चकतीला काठावर पाचरीसारखा तुकडा गेलेला दिसतो तो यामुळे. हाणामारीचा तो पुरावा नव्हे.

आता हेच ध्यानात ठेवून स्त्रीचे हात पाहा. ते उंच उचललेले असून बोटांनी चकती पेलतात. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग लाकडाच्या रेष्यांच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेत उभा, म्हणून मजबूत. दंडाचा आडवा भाग रेषे तोडून जातो, आणि मोडलेल्या बैठकांमध्ये हात मोडतात ते बहुतेक तिथेच. चांगला कारागीर दंड अंगाजवळ आणि जाड ठेवतो, लांबी मनगटाकडे देतो. ही नजाकत म्हणून वाखाणली जाते. आमच्या मते ती आधी लाकडाची समज आहे.

लुकासा लहान आणि चपटा, म्हणून तो ओंडक्याच्या कडेच्या फाळीतून निघतो, कणा टाळता येतो. त्यामुळे फळ्या सहसा फुटत नाहीत, फार तर किंचित वळतात.

लुकासा म्हणजे काय आणि तो वाचतात कसा?

मधे किंचित निमुळती, हातात बसणारी लाकडी फळी. एका बाजूवर रंगीत मणी, कवड्या आणि कोरलेल्या खुणा, दुसऱ्या बाजूवर कासवाच्या पाठीसारखी जाळीदार नक्षी. म्बुद्ये मंडळाची अधिष्ठात्री लोलो इनांगोम्बे अर्धी स्त्री आणि अर्धी कासव, म्हणून फळी हाच तिचा देह. मंडळाच्या सर्वांत वरच्या पायरीवर पोचलेल्यांनाच तो वाचता येई. त्यांना बाना बालुते, स्मृतीचे धनी, म्हणत.

वाचणारा फळी डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताच्या तर्जनीने मण्यांवरून फिरतो. नुसते पाहून होत नाही, बोट टेकावे लागते, कारण मण्याचा आकार आणि उंचीही अर्थ सांगते. मोठ्या मण्याभोवती लहान मण्यांचे कडे म्हणजे सरदार आणि त्याचा परिवार. एका रेषेतले मणी म्हणजे प्रवास किंवा वाट. एकटा मणी एखादी व्यक्ती. याच खुणांवरून शिकारी म्बिदी किलुवे पूर्वेकडून आला, क्रूर न्कोंगोलोशी त्याची गाठ पडली आणि म्बिदीचा मुलगा कालाला इलुंगा राजा झाला ही कथा सांगितली जाते. त्याच फळीवरून राजदरबारातली बसण्याची जागा, वंशावळ आणि तळ्यांची ठाणीही सांगता येतात.

इतिहासकार थॉमस रीफ यांनी १९७७ मध्ये फळ्यांचे तीन प्रकार नोंदवले. एक पुराणपुरुषांचा आणि त्यांच्या प्रवासाचा, दुसरा म्बुद्ये मंडळाच्या रचनेचा आणि तिसरा राजाचा स्वतःचा, ज्यात त्याच्या वर्ज्य गोष्टी आणि गुप्त नियम असत.

मग ती लिपी झाली का?

नाही. लिपीत लिहिलेले वाक्य दोघांनी वाचले तर शब्द तेच येतात. लुकासा दोघांनी वाचला तर येत नाहीत, यायला नकोतही. ऐकायला कोण बसले आहे, कोणत्या घराण्याचा सरदार समोर आहे, वाद कशावरून आहे, यावर वाचणारा काय पुढे आणायचे आणि काय गाळायचे ते ठरवतो. फळी मुद्दे देते, कथा माणूस रचतो. त्यामुळे वाचक नसलेली फळी संग्रहालयात 'उलगडण्याचा' आव आणणारे तक्ते फारसे उपयोगाचे नाहीत.

मणी बसवतात कसे? दोन मणी सुटले आहेत, चिकटवू का?

मण्याच्या भोकातून बारीक लाकडी खुंटी किंवा हातघडीचा लोखंडी खिळा फळीत ठोकतात. गोंद नाही. सुटलेला मणी परत चिकटवू नका. खुंटीचे भोक रिकामे दिसले तर तिथे मणी होता एवढी खूण शाबूत राहते. चुकीच्या जागी चिकटवलेला मणी ती खूणही पुसतो. सुटे मणी वेगळ्या कागदी पाकिटात, कोणत्या भोकाजवळ सापडले त्याच्या फोटोसह ठेवा. मणी हरवण्याचे मुख्य कारण लोखंडी खिळा गंजणे हे असते. गंजाने खिळा फुगतो, लाकूड चिरते आणि मणी उडतो. ओलसर हवेत हे लवकर होते.

राजकाठी 'वाचतात' म्हणजे काय?

तीच पद्धत, उभ्या लाकडावर. काठीवरचे रुंद, नक्षीदार चौकटीसारखे भाग म्हणजे राज्याची ठाणी. मधला सपाट दांडा म्हणजे त्या ठाण्यांमधली मोकळी सवाना. वरच्या टोकाची स्त्री घराण्याची मूळ आत्मशक्ती. सरदार ती समारंभात जमिनीत रोवून उभी करी आणि हक्काची कैफियत तिच्यावरून सांगे. काही काठ्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते, आतल्या पोकळीत भारलेली द्रव्ये असतात.

धनुष्याची घोडी लोकांना दाखवत का नसत?

तीन फाट्यांची ही घोडी राजचिन्हांत सर्वांत गुप्त मानली जाते. म्बिदी किलुवे हा शिकारी, त्याचे धनुष्य हीच राजवंशाची पहिली खूण. फाटे जिथे मिळतात तिथे स्त्रीमूर्ती, खाली जमिनीत खुपसायला टोक. घोडी राजाच्या घरातल्या आतल्या जागी, नेमलेल्या स्त्रीच्या राखणीत राही आणि तिच्यापुढे प्रार्थना आणि नैवेद्य होत. दरबारात ती मिरवत नसत. म्हणूनच बऱ्याच घोड्यांवर धनुष्य टेकवल्याच्या झिजेची एकही खूण नसते. कामाची वस्तू असती तर फाट्यांच्या खोबणीत घासलेला भाग दिसला असता.

कुऱ्हाडीवरच्या किंवा मूर्तीच्या डोक्यातल्या लोखंडी टाचण्या कशासाठी?

त्या लहान ऐरणीच्या आकाराच्या असतात. लुबा स्त्रिया अशाच टाचण्या केसांत खोवत. कालाला इलुंगाने लोहारकाम राज्यात आणले अशी परंपरा आहे, त्यामुळे ऐरण म्हणजे राज्य घडण्याची जागा. डोक्यात टाचणी ठोकणे म्हणजे आत आलेल्या शक्तीला आत अडकवणे. चमकवण्यासाठी या टाचण्या घासू नका.

कौल कसा लावतात?

दोन पद्धती आहेत आणि त्यांचा गोंधळ करू नये.

काशेकेशेके ही साधी आणि जुनी. हातात मावणारी, मधे आरपार पोकळी असलेली कोरीव वस्तू, वर बहुधा स्त्रीचे डोके. कौल लावणारा किंवा लावणारी आणि प्रश्न घेऊन आलेला माणूस समोरासमोर बसतात. वस्तू दोघांच्या मधे चटईवर किंवा लहान बैठकीवर असते. दोघेही दोन-दोन बोटे पोकळीत घालतात. प्रश्न विचारला जातो आणि वस्तू सरकू लागते. कशी सरकली यावरून उत्तर. प्रश्न टप्प्याटप्प्याने अरुंद करत नेतात: दुखणे घरातून आले का, मृताकडून का, कोणत्या मृताकडून. घासण्याचा जो आवाज येतो त्यावरूनच वस्तूला नाव पडले आहे.

बिलुंबु ही अंगात येण्याची पद्धत आणि राजदरबाराशी जोडलेली. पहिला कौल लावणारा म्हणून मिजिबु वा कालेंगा याचे नाव घेतात. तो कालाला इलुंगाच्या बाजूने होता. संचार यावा म्हणून जुळ्यांची गाणी गातात, घंटा-खुळखुळे वाजतात, कपाळावर मण्यांचा पट्टा, अंगाला पेम्बा ही पांढरी माती. समोर एक भोपळा असतो. त्यात लहान कोरीव आकृत्या, बिया, हाडे, धातूचे तुकडे, चोच, नखे असे कितीतरी काही. भोपळा हलवून वरचे झाकण काढायचे आणि कोणती वस्तू कोणत्या वस्तूला टेकून वर आली ते पाहायचे. उभी का आडवी, पालथी का उताणी, यानेही अर्थ बदलतो. लुकासाचाच नियम इथेही: शेजार महत्त्वाचा, सुटी वस्तू नव्हे.

बिलुंबु पद्धतीने कौल लावणाऱ्याची पत्नी केवळ मदतनीस नसते. देव आणि नवरा यांच्यामधली ती दुवा असते, तिच्याशिवाय कौल पुरा होत नाही.

वाडगा धरलेल्या स्त्रीला जुन्या पुस्तकांत 'भिकारीण' का म्हटले आहे?

वसाहतकाळातल्या युरोपीय लेखकांनी वाडगा पाहिला आणि तो भिक्षेचा ठरवला. ही म्बोको. कौल लावणाऱ्याला झपाटणाऱ्या देवाची ती पत्नी, आणि वाडग्यात पेम्बा असते. पांढरा रंग शुद्धीचा, चंद्राच्या नव्या कोरेचा, देवांच्या जगाचा. विधीच्या सुरुवातीला कौल लावणारा आणि त्याची पत्नी त्यातली माती अंगाला लावतात, आलेल्या माणसालाही लावतात. वाडग्याच्या आत कोपऱ्यांत पांढरा थर बसलेला दिसला तर तो धुऊ नका. वापराचा त्याहून चांगला पुरावा नाही.

नुसती कोरलेली मूर्ती विधीत चालते का?

नाही. कारागिराच्या हातून निघालेली मूर्ती फक्त जागा असते. तिला काम करायला लावणारी द्रव्ये (बिजिम्बा) विधी जाणणारा माणूस भरतो. डोक्यावर भोक, त्यात किंवा तिथे खोचलेल्या शिंगात वनस्पती, माती, प्राण्यांचे अवशेष. पोटात किंवा काठीच्या पोकळीतही. द्रव्ये काढून घेतली की मूर्ती पुन्हा लाकूड होते. म्हणून विकायला बाहेर पडलेल्या मूर्तींच्या डोक्यातली भोके रिकामी सापडतात.

डोक्याखाली एवढी कडक उशी कशाला?

केस वाचवायला. पायऱ्यांसारखे थर असलेली शांकादी केशरचना करायला खूप वेळ लागे. ती आठवडे टिकावी म्हणून मान उचलून धरणारी उशी. मालकाचा देह परत मिळाला नाही तर त्याच्या जागी उशी पुरत, इतकी ती माणसाशी जोडलेली. उशी तोलणाऱ्या मूर्तीचे बाजूला झेपावणारे केस आणि आडवे हातपाय रेष्यांच्या आड येतात, त्यामुळे जुन्या उशांवर मोडतोड नेमकी तिथे असते.

मुखवटे?

लुबांचा किफ्वेबे गोल, पांढऱ्या समांतर खाचांचा. सोंग्ये शेजाऱ्यांचा लांबट, पुढे आलेल्या तोंडाचा. बाजारात लुबा म्हणून विकले जाणारे बहुतेक मुखवटे सोंग्ये शैलीचे, आणि विकण्यासाठीच केलेले असतात.

कारागिरांची नावे माहीत आहेत का?

एकाची चर्चा सर्वांत जास्त होते. लांबट, सुरकुतलेल्या, गालफडे वर आलेल्या चेहऱ्यांच्या काही वस्तू एकाच हातच्या किंवा एकाच कारखान्याच्या आहेत, हे बेल्जियन अभ्यासक फ्रान्स ओल्ब्रेख्त्स यांनी १९३०च्या दशकात दाखवले. त्यांतल्या काहींचा उगम बुली गावाशी जोडलेला होता, म्हणून 'बुलीचा उस्ताद'. न्गोंगो या चिंतु हे नाव त्याच्याशी जोडले जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याची ६१ सेंटिमीटर उंचीची बैठक आहे, बेल्जियममधल्या तेर्वुरेनच्या संग्रहालयात वाडगा धरलेली स्त्री. इतर लुबा मूर्ती तरुण, तुकतुकीत आणि शांत, याच्या मूर्ती थकलेल्या. एवढे वेगळे काम दरबारांनी स्वीकारले, यावरून परंपरेत हाताला किती मोकळीक होती ते कळते.

घरात काँगोहून आणलेली मूर्ती आहे. ती खरी की बाजारू?

१९६१ ते १९६३ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतली भारतीय तुकडी कटांगात होती. कटांगातल्या लुबुम्बाशी शहरात आजही भारतीय व्यापारी आहेत. त्यामुळे अशा वस्तू आपल्याकडे येतात. १९६०पर्यंत तिथे पाहुण्यांना विकायच्या कोरीव कामाचा धंदा जोरात होता, एवढे आधी लक्षात घ्या.

झीज कुठे आहे ते पाहा. वापरातली वस्तू हात लागतो तिथेच झिजते. काशेकेशेकेच्या पोकळीच्या आतल्या कडा बोटांनी गुळगुळीत आणि तळ घासून सपाट हवा. लुकासाची झीज डाव्या हाताच्या पकडीच्या कडांवर हवी. काठी पकडीच्या उंचीवर चकचकीत आणि खालचे टोक खाल्लेले हवे. मूर्तीवर नाक, स्तन, पोट झिजलेले पण खोबणीतले वण धारदार हवेत. सगळीकडे सारखीच चमक, खोबणीत बूटपॉलिश, तड्याच्या आतही तोच काळा रंग, असे दिसले तर वस्तू अलीकडची आहे आणि रंग नंतर चढवला आहे. वासही घ्या. पॉलिशचा वास वर्षानुवर्षे जात नाही.

बाजारू ठरली तरी फेकू नका. कोरीव काम चांगले असू शकते.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात निगा कशी राखावी?

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचे ती अचानक बदलू नये. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे सर्वांत वाईट. रोज लाकूड फुगते-आकसते आणि जुना तडा वाढतो. काचेच्या बंद कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. तेल, मेण, फर्निचर पॉलिश काहीही लावू नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा, मणी आणि पांढरी माती असेल तिथे तेही नको.

खाली फिकट भुसा पडला आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोके ताजी दिसली तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. वस्तू कोऱ्या, बिनआम्ल कागदात गुंडाळा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव धरते आणि पेम्बा भिजून सुटते. साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात हे होत नाही, तिथे अळ्या सुस्त होतात, मरत नाहीत. मणी, शिंग किंवा भरलेली द्रव्ये असतील तर फ्रीझरच्या आधी संवर्धकाला दाखवा.

हस्तिदंती लुबा लटकन विकत घेता येईल का?

भारतात नाही. १९९१च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही आपल्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. परदेशातल्या नातेवाइकाने भेट म्हणून पाठवली तरी सीमाशुल्काकडे अडकेल. लाकडी वस्तूवर बिबट्याचे कातडे किंवा नखे बांधलेली असतील तर तीही याच कायद्यात येतात. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून फक्त लाकूड आहे की आणखी काही, हे लेखी मागा.